न उठणारी गॅलरी

फुटबॉलचं नवं स्टेडियम कुठं बांधायचं, हे कोल्हापुरात कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारलं की उत्तर मिळायचंच, आणि वर दोन शिव्या फुकट. रिक्षावाल्याला विचारा, मिसळवाल्याला विचारा, दाताच्या डॉक्टरला विचारा, प्रत्येकाकडं नकाशा तयार. पेठेतले म्हणायचे, आहे तिथंच हवं, पागा मैदानावर, गावाच्या पोटात. महामार्गाकडचे म्हणायचे, आमच्या माळावर या, निदान गाड्या लावायला तरी जागा आहे. आणि किती माणसांचं? यावर तर लोक हसायचे. ‘‘किती म्हंजे? गाव मावंल एवढं!’’

या भांडणाला कंटाळून स्टेडियम समितीनं शेवटी निकाल यंत्रावर सोडला. यंत्राचं नाव कानोसा, आणि ते चालवायची जबाबदारी ऋतुजा सरनाईकवर होती.

ऋतुजा मूळची इथलीच, खंदक गल्लीतली. पुण्यात नगररचना शिकली आणि मग वीसेक वर्षं गावोगावची स्टेशनं, यात्रेची मैदानं, क्रिकेटची स्टेडियमं आखत फिरली. बाकीचे नियोजक आधी विचारायचे, आत माणसं किती येणार? ही विचारायची, बाहेर कशी पडणार? त्यावरून तिची चेष्टाही व्हायची. कारण फार थोड्यांना माहीत होतं.

ती एकोणीस वर्षांची असताना पागा मैदानावर फायनल झाली. मॅच सुटल्यावर पश्चिमेच्या गेटाशी रेटा आला. तिचा थोरला भाऊ विश्वजित, घरात विशू, त्यानं तिला कमरेला धरून उचललं आणि कंपाउंडच्या भिंतीवर बसवलं. ‘‘तू हो पुढं, मी आलोच,’’ म्हणाला. ती पलीकडं उतरली. त्या दिवशी गेटाशी बरीच माणसं चेंगरून गेली, त्यांत तो एक. त्यानंतर तिनं त्या मैदानात पाऊल टाकलं नाही. घरात आई तिच्यासमोर विशूचं नाव काढत नसे, आणि तीही विचारत नसे. वर्षापूर्वी या कामासाठी ती परत आली, आईजवळ राहू लागली, तरी मायलेकी जेवायला बसल्या की भाजीबद्दलच बोलायच्या.

आता हे कानोसा काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. शहरातल्या दिव्यांच्या खांबांवर पूर्वीच कान बसवले होते, फटाके नि हॉर्नचा गोंगाट मोजायला. पुढं कुणीतरी शोधून काढलं की हजार माणसं एकदम ओरडली तरी त्यांतला एकेक गळा वेगळा काढता येतो. अंगठ्याच्या ठशासारखाच गळ्याचाही ठसा असतो, दुसऱ्याचा कधी तसाच निघत नाही. कानोसाला नाव लागत नाही, चेहरा लागत नाही. एखादा आवाज सकाळी कुठं ऐकू येतो, संध्याकाळी कुठं, मॅचला कुठल्या गॅलरीत, एवढं वर्षभर ऐकलं की त्या माणसाची एक सावली यंत्रात तयार होते. मग अख्ख्या गावाच्या सावल्या यंत्रातल्या गावात सोडायच्या आणि पुढची तीस वर्षं त्यांना जगू द्यायचं. स्टेडियम इथं ठेवून बघायचं, तिथं ठेवून बघायचं. कोण येतं, कोण येईनासं होतं, कुठं तुंबतं, सगळं समोर दिसतं.

खरी गंमत पुढंच होती. माणूस मॅचला एकटा ठरवून येत नाही. अमका येतो म्हणून तमका येतो. कानोसा ही ओढ मोजायचं. एकेका सावलीमागं किती सावल्या खेचल्या जातात, हे कळल्याशिवाय गर्दीचा आकडा खरा निघत नाही.

निकाल आला. पागा मैदान. बत्तीस हजार प्रेक्षक. गेटं थोडी रुंद केली की पुरतील.

समिती खूश झाली. पेपरात फोटोही आला. ऋतुजा मात्र पडद्याकडं बघतच राहिली.

‘‘अशक्य आहे, साहिल. त्या बोळात दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागतं. बत्तीस हजार माणसं बाहेर निघणार कुठून?’’

साहिल मुजावर यंत्राची देखभाल करायचा. तरुण, हुशार, आणि स्वतः बुरूज तालमीच्या फुटबॉल संघाचा कट्टर, त्यामुळं खंदकवाल्या मॅडमना टोमणा मारायची संधी सोडायचा नाही. आज मात्र तो गंभीर होता.

‘‘तेच बघत होतो मॅडम. बत्तीस हजार गेटावर येतच नाहीत. पावभर गॅलरी उठतच नाही.’’

‘‘उठत नाही म्हणजे?’’

‘‘मॅच सुटते, बाकीचे निघतात, हे बसून राहतात. सावकाश निघतात असंही नाही. गेटावर सापडतच नाहीत. त्यामुळं रेटा येत नाही, म्हणून यंत्र म्हणतंय गेटं पुरतात. आणि मजा बघा, सगळ्यांत जास्त ओढ ह्यांचीच.’’

पडद्यावर गॅलरीत पिवळे ठिपके होते. ओढ जितकी जास्त तितका ठिपका गडद. पूर्वेच्या बाजूला, हलगीवाल्यांच्या मागच्या पायरीवर, एक ठिपका सगळ्यांत गडद होता.

‘‘हा कोण आहे? ऐकव.’’

साहिलनं तिच्या हातात हेडफोन दिला.

हलग्यांचा कडकडाट, शिट्ट्या, आणि त्यातून वर चढलेला एक भरदार, किंचित चिरका गळा. ‘‘उठा की रं! खंदक मेली न्हाई अजून!’’ त्यावर शेकडो माणसांचं उत्तर, ‘‘न्हाई!’’

ऋतुजानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तो चिरका सूर घरात तिला बाथरूमच्या दारापलीकडून, माळ्यावरून, गल्लीच्या टोकावरून ऐकायची सवय होती. कुणी नक्कल करत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण गळ्याच्या ठशाची नक्कल होत नाही, हे इतर लोकांना तीच गेली वर्षभर पटवून देत होती.

‘‘ही नोंद कधीची?’’ तिनं विचारलं.

‘‘गेल्या रविवारची.’’

पुढच्या रविवारी दुपारी आई ‘‘भजनाला जाऊन येतो,’’ म्हणून बाहेर पडली. कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात, त्यात विशेष काही नव्हतं. विशेष होतं ते तिच्या पिशवीतून डोकावणारं खंदक तालमीचं पिवळंकाळं कापड. ऋतुजा तिच्यामागोमाग निघाली.

पागा मैदान तिला आठवत होतं त्याहून लहान निघालं. पश्चिमेच्या गेटाकडं न बघता ती पूर्वेच्या गॅलरीत चढली. हलगीवाल्यांच्या मागच्या पायरीवर आई बसली होती, पदर खोचून, अगदी ऐसपैस. शेजारी एका माणसाची जागा मोकळी होती, आणि तिथं खंदक तालमीच्या मफलरमध्ये गुंडाळलेला मुठीएवढा स्पीकर ठेवला होता.

आई दचकली नाही. ‘‘आलीयास? बस की. तिकडनं बस, त्याच्या अंगावर नको.’’

ऋतुजानं आजूबाजूला बघितलं. खालच्या पायरीवर एका म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर तसलाच स्पीकर होता. पलीकडं कॉलेजातल्या पोरीनं जवळ टोपी ठेवून जागा धरली होती आणि टोपीत स्पीकर होता. आणखी वर, आणखी पलीकडं, सगळीकडं. कुणाचा नवरा, कुणाचे आजोबा, कुणाचा दोस्त. मोबाइलमधल्या जुन्या व्हिडिओतून काढलेला एकेकाचा आवाज, मॅचला तो जसा ओरडायचा तसा.

‘‘हे कधीपास्नं चाललंय, आई?’’

‘‘तवापास्नंच. त्या दिवशी गेलेल्यांच्या जागा कुणी धरीना, मोकळ्या दिसायच्या. मग आमीच धरायला लागलो. पुढं गॅलरीतलं कोण बी गेलं की त्याची जागा बी धरायची, आवाज बी आणायचा. सगळ्या पेठा करत्यात आता. बुरूजवाले बी.’’

‘‘मला कधी बोलली नाहीस.’’

‘‘तुझ्यासमोर त्याचं नाव काढायची चोरी,’’ आई मैदानाकडं बघत म्हणाली. ‘‘तू जेवण टाकून उठायचीस गं.’’

ते खरं होतं.

खंदक एक गोलनं मागं होती. आईनं स्पीकरची कळ दाबली. विशू हातभर अंतरावर ओरडला, ‘‘उठा की रं!’’ आणि अख्खी गॅलरी उठली. त्याच हल्ल्यात खंदकच्या पोरानं बॉल जाळ्यात मारला, आणि आपण कधी उभ्या राहिलो, कधी घसा फुटेस्तोवर ओरडलो, हे ऋतुजाला कळलंच नाही. आई तिच्याकडं बघून हसत होती. तिचं असं हसणं ऋतुजानं वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं.

मॅच सुटली. लोक निघाले. स्पीकरवाले मात्र जागचे हलले नाहीत. मधून मधून कुणीतरी कळ दाबायचं, एखादा मेलेला माणूस रिकाम्या होत चाललेल्या मैदानाला ओरडून दाखवायचा.

‘‘चल की आई.’’

‘‘गर्दी सरू दे. एकदा गर्दीत सोडला, परत न्हाई सोडायचा. मैदान पार मोकळं झालं की बंद करून पिशवीत घालून न्यायचा,’’ आई म्हणाली. मग जरा थांबून, ‘‘स्टेडियम हितंच हुणार न्हवं? पेपरात आलंय. लई बरं झालं. त्या माळावर नेलं असतं तर पंचाईत होती. त्याला नव्या जागंचा रस्ता कुठं ठाऊक हाय?’’

गेटातून बाहेर पडताना आईनं पिशवी छातीशी धरली होती.

सोमवारी साहिलनं सगळं ऐकून घेतलं. ‘‘आमच्या मामांचा आवाज मीच रेकॉर्ड करून दिला होता मॅडम,’’ तो म्हणाला. ‘‘खांबांवरचे कान तोही ऐकणार, हे डोक्यातच आलं नाही. चूक माझी.’’

‘‘पण स्पीकर शे-दोनशे असतील. यंत्र पावभर गॅलरी म्हणतंय.’’

‘‘आज शे-दोनशे. शेवटचं वर्ष बघा.’’

त्यानं तिसावं वर्ष लावलं. कानोसा शिकणारं यंत्र होतं, आणि या गावात ते एक नियम शिकलं होतं. बाकी गावांत माणूस मेला की त्याचा आवाज थांबतो. इथल्या गॅलरीत थांबत नाही. तो फक्त घरून चालत यायचा थांबतो, रस्त्यावर सापडायचा थांबतो, गेटावर यायचा थांबतो. पायरीवर मात्र असतो, आणि कधी म्हातारा होत नाही. म्हणून यंत्रातल्या गावात जी जी सावली मेली, तिला कानोसानं पायरीवर बसवून ठेवलं होतं. वर्षामागून वर्ष त्यांची भर पडत गेली. तिसाव्या वर्षी मॅच सुटायची, जिवंत सावल्या घरी जायच्या, आणि खाली अंधारल्या मैदानात आठ हजार ठिपके न उठता बसून राहायचे.

विशूचा ठिपका जागच्या जागी होता. त्याला चिकटून आणखी एक गडद ठिपका दिसत होता.

‘‘ही आई असेल,’’ ऋतुजा म्हणाली.

साहिलनं मान हलवली. ‘‘त्या पलीकडच्या. ह्या तुम्ही आहात मॅडम. काल ओरडलात ना, तेवढ्यावरून.’’

ती बघत राहिली. एका दुपारच्या एका ओरडण्यावरून यंत्रानं ओळखलं होतं की ही बाई आता दर मॅचला येणार, आणि मेल्यावरही इथून उठणार नाही. तिला भीती वाटली, स्वच्छ, लहान पोराला वाटते तशी. त्याहून भीतीची गोष्ट ही की ते खोटं आहे असं तिला ठामपणे म्हणता येईना.

‘‘काढून टाकतो सगळे मयत आवाज,’’ साहिल म्हणाला. ‘‘पाच मिनिटांचं काम आहे. आकडा आपोआप खरा होईल.’’

आकडा खरा व्हायलाच हवा होता. बत्तीस हजार जागा बांधल्या की फायनलला तिकिटं बत्तीस हजार विकली जाणार, आणि ती घेणारी माणसं हाडामांसाची असणार. मॅच सुटल्यावर ती सगळी उठणार. यंत्राच्या हिशेबात पायरीवर बसून राहिलेले ते आठ हजार त्या बोळात येणार, आणि कुणीतरी कुणालातरी भिंतीवर उचलून बसवणार.

साहिलचा हात कळीवर होता. ‘‘काढू?’’

‘‘नको,’’ ऋतुजा म्हणाली. ‘‘काढू नकोस. उठव त्यांना. सगळ्यांना उठव आणि बाहेर काढ.’’

साहिल कामाला लागला.

पागा मैदान. मॅच सुटली. आठ हजार ठिपके पायऱ्यांवरून उठले आणि इतरांत मिसळून पश्चिमेच्या गेटाकडं सरकले. गेटाशी रेटा वाढला तसा पिवळ्याचा नारिंगी झाला, नारिंगीचा लाल. तिचा ठिपका भिंतीपलीकडं गेला. विशूचा भिंतीला टेकला आणि थांबला. मग विझला.

तिनं तोंडावर हात घेतला. एवढी वर्षं हे दृश्य तिनं डोळे मिटून बघितलं होतं. उघड्या डोळ्यांनी बघायला त्याहून सोपं नव्हतं, पण तिनं नजर काढली नाही. ‘‘परत. गेट दुप्पट रुंद कर. समोरची घरं पाडलीत असं धर.’’ परत विझला. ‘‘परत. पंचवीस हजार कर.’’ बोळच अपुरा होता, त्याला गेट काय करणार? तो पुन्हा पुन्हा भिंतीशी येऊन विझत राहिला, आणि साहिल आता पडद्याऐवजी जमिनीकडं बघत होता.

‘‘माळावर ने,’’ ती म्हणाली.

महामार्गापलीकडचा माळ. जिवंत माणसांच्या हिशेबानं वीस हजारांचं स्टेडियम तिथं पुरत होतं. तिनं जागा तेवढ्याच ठेवल्या, पण दारं चारी बाजूंना केली, आणि रुंदी धरली ती अठ्ठावीस हजारांची, गेलेले सगळे धरून. समिती तिला वेड्यात काढणार होती. वीस हजारांना एवढी दारं कशाला, हा प्रश्न तिला आताच ऐकू येत होता.

मॅच सुटली. ठिपके उठले. पिवळे ते पिवळेच राहिले. विशूचा ठिपका सगळ्यांबरोबर दारापर्यंत आला, दारातून बाहेर पडला आणि चालू लागला.

ती संध्याकाळी घरी आली तेव्हा आई सोप्यात, पुढच्या खोलीत, गवार निवडत होती. ऋतुजानं टॅबलेट बाजूला ठेवला आणि सरळ सांगून टाकलं की स्टेडियम पागावर होणार नाही, माळावर होणार. निदान ती तसं लिहिणार आहे.

आईचे हात थांबले. ‘‘म्हंजे त्याची पायरी मोडणार. तूच मोडणार.’’

‘‘आई, पागावर केलं तर पुन्हा तसंच होईल.’’

‘‘कशावरनं?’’

‘‘बघितलं मी. आज दुपारभर बघितलं. दर वेळी तो भिंतीशीच राहतो गं. मी पलीकडं उतरते आणि तो राहतो. मी काहीही केलं तरी.’’

आईनं गवारीचं ताट सरकवून जागा केली. ‘‘ये हितं. काय ते दाव मला.’’

ऋतुजानं माळावरचं स्टेडियम लावलं. ठिपका दाखवला, हा विशू म्हणून सांगितलं. आईनं चष्मा पुसून लावला. मॅच सुटली, गॅलरी उठली. गर्दी दाराकडं सरकली तशी आईनं ऋतुजाचं मनगट घट्ट धरलं. ठिपका दारातून बाहेर आला.

‘‘न्हाई लागलं कुठं?’’

‘‘नाही. दार मोठं आहे.’’

‘‘मोठंच ठेव. कुणी काय बी म्हणू दे, बारकं करू नको,’’ आई म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. ‘‘पाठव तुझा तो रिपोर्ट.’’

‘‘पाठवते.’’ ऋतुजानं टॅबलेट बंद करायला हात नेला.

‘‘थांब की. जातोय कुठं ते तर बघू.’’

ठिपका महामार्ग ओलांडून गावाकडं निघाला होता. मार्केट यार्डापर्यंत तो भराभर आला. ‘‘बस मिळाली वाटतं,’’ आई म्हणाली. पुढं एका कोपऱ्यावर तो रेंगाळला, तेव्हा ती चक्क चिडली. ‘‘बघ! खाल्ल्याबिगर यायचा न्हाई. हितं मी भाकरी थापून बसायची आणि ह्यो तिकडं मिसळ हाणायचा.’’ ऋतुजाला हसू आलं आणि रडूही आलं. सावलीला घर लागतं, आणि त्या आवाजाचं घर कानोसानं कधीच शोधून ठेवलं होतं. ऋतुजा घरी यायच्या आत आई रोज स्पीकर चालतो का ते याच सोप्यात बघायची, आणि गल्लीच्या तोंडाशी खांबावर कान होता.

ठिपका पेठेत शिरला. तालमीवरून वळला. खंदक गल्लीत आला, एकेक घर मागं टाकत. नकाशावरच्या शेवटच्या घराशी येऊन तो थांबला आणि तिथंच राहिला.

दोघींनी मान वर करून दाराकडं बघितलं. दार लोटून कडी लावलेली होती.

‘‘आलोच म्हणाला होता,’’ ऋतुजा म्हणाली. हे वाक्य तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ‘‘मला भिंतीवर बसवताना. तू हो पुढं, मी आलोच.’’

आईनं गुडघ्यावर हात देऊन स्वतःला उठवलं. हळूहळू दारापर्यंत गेली आणि कडी काढली. बाहेर संध्याकाळची गल्ली होती, समोरच्या घरात कुकरची शिट्टी होत होती, उंबऱ्याशी कुणी नव्हतं.

‘‘लई उशीर केलास रं,’’ आई म्हणाली, आणि आत यायला वाट ठेवून दारातून जरा बाजूला सरकली.